गोजराआक्काचा पाट

बोरथळ गाव नदीच्या अलीकडे होतं, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली तिला.

गावात गोजराआक्का नावाची आचारीण होती. जन्मभर चुलीपुढे उभी राहिली आणि तिच्या डाव्या पायाला जखमा झाल्या. वीस वर्षं त्या भरल्या नाहीत. रोज सकाळी ती कडुनिंबाच्या पाण्यानं पाय धुवायची, लुगड्याची स्वच्छ पट्टी पावलापासून गुडघ्यापर्यंत आवळून बांधायची. दुपारपर्यंत पट्टी ओली व्हायची. बायका नाकाला पदर लावून दूर सरकायच्या. आक्काच्या हातचा भात मात्र सगळ्यांना हवा असायचा, बरं का!

आक्काला मांडी घालता येत नव्हती आणि अन्नाकडे पाय पसरायचा नाही, अशी गावाची रीत. म्हणून पंगतीत तिला जागा नसायची. गावाला जेवू घालून ती मागं, भांड्यांपाशी एकटीच जेवायची. पाय दुखायचा त्याहून हे जास्त दुखायचं.

एका वर्षी देवीच्या भंडाऱ्याला, चुली पेटायच्या आधीच तिनं पळी खाली ठेवली.

"पाटील, आज म्या पंगतीला बसणार."

येसाजी पाटील म्हणाले, "आक्के, मांडी घालता येती का तुला?"

"न्हाई. पाय सोडूनच बसंन."

"मग कसं जमायचं?"

"मग तुमचं तुमी रांधा," म्हणाली आणि चिंचेखाली जाऊन बसली.

असं म्हणतात, सात चुली पेटल्या, गाडीभर लाकूड जळलं, पण आधणाला कढ येईना. सूर्यसुद्धा डोक्यावर येऊन थांबला. पोरं भुकेनं रडायला लागली.

शेवटी पाटलांनी आपला पाट उचलला. आक्काला हाताला धरून पहिल्या जागी बसवलं, पाट तिच्या पायाखाली सरकवला आणि स्वतः भुईवर बसले.

"चुकलं आक्का."

आक्कानं पाय टेकला आणि सातही हंडे एकदम उकळले, असं म्हणतात. भात शिजला, पानं वाढली. तेवढ्यात शेजारचे नानू म्हातारे हळूच म्हणाले, "म्या बी सोडू का गं पाय? गुडघा लई छळतोय."

मग काय विचारता! अर्ध्या पंगतीनं पाय सोडले. इतकी वर्षं बिचारे ओठ आवळून मांडी घालत होते. आक्का डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली आणि पोटभर जेवली.

जखमा काही भरल्या नाहीत. पण आक्का पुन्हा कधी मागं बसली नाही.

बोरथळला अजूनही भंडाऱ्यात पहिल्या जागी दोन पाट मांडतात. एक बसायला, एक पायाला. ज्याचा पाय दुखरा, त्याला मानानं आणून तिथं बसवतात. त्या पाटावर पाय टेकल्याशिवाय भात शिजत नाही, असं म्हणतात. खरंखोटं कुणी पाहिलेलं नाही, कारण तो पाट रिकामा ठेवायची छाती अजून कुणाला झालेली नाही.