गोमा वकिलाचा सवाल

फार वर्षांपूर्वी, शीळघाटात गाडीरस्ता झाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. आमचं कोंडतळं म्हणजे घाटाच्या पायाशी चार-दोन घरं. तिथं गोमा नावाचा वाटाड्या राहायचा. व्यापारी असो की यात्रेकरू, गोमा काठी टेकत पुढे चालायचा आणि माणसाला सुखरूप घाटमाथ्यावर नेऊन सोडायचा. असं म्हणतात, धुक्यात तो डोळे मिटून चालायचा. उघडे ठेवून तरी काय दिसणार, म्हणायचा.

एकदा भिवाशेट नावाचा कापडाचा व्यापारी त्याच्याबरोबर घाट चढला आणि बेपत्ता झाला. दरीत त्याचं पागोटं तेवढं सापडलं. गोमाला धरलं, कोर्टात उभं केलं. साहेब गोरा. मधे दुभाषी, त्र्यंबकराव, शहरात वाढलेला माणूस.

"शेटचं काय केलंस?" त्र्यंबकरावाने विचारलं.

"काय करणार? वर पोचवला की!" गोमा म्हणाला.

झालं! अहो, घाटाखालच्या माणसाला वर म्हणजे घाटमाथा. आम्ही बाजाराला वर जातो, लेकी वर देतो. पण शहरात वर पोचवणं म्हणजे... हसू नका. एका माणसाची जन्मठेप आहे त्यात. त्र्यंबकरावाने साहेबाला सांगितलं, हा कबूल करतोय, मारून टाकला म्हणतोय. एवढं भरलेलं कोर्ट, एकाने तरी विचारावं ना, म्हणजे काय रे? कोणीही विचारलं नाही.

तुरुंगात गोमाच्या शेजारी एक लंगडा मुखत्यार कैदी होता, बाहेर असताना लोकांचे खटले चालवणारा. त्याने गोमाला कोळशाने अक्षरं शिकवली आणि मग कायदा. असं म्हणतात, गोमाने कोठडीच्या भिंतीवर इतकी कलमं लिहिली की वरून चुना फासला तरी अक्षरं पुन्हा उमटायची. इकडे त्याची आई वाट बघून बघून गेली. आणि मग एके दिवशी भिवाशेट काशीहून धडधाकट परत आला, घाट उतरून गावात शिरला आणि विचारतो कसा, "मला वर पोचवणारा तो गोमा कुठंय?"

पागोटं माथ्यावरच्या वाऱ्याने उडवलं होतं, एवढंच. गाव ढसाढसा रडलं. गोमा सुटला. पण तो कोणाच्या अंगावर धावून गेला नाही. परीक्षा दिली आणि वकिलीची सनद घेऊन आला.

पुढे आमच्याच गावच्या येसू सुईणीवर बालंट आलं. खोताचा तरणा मुलगा तापाने फणफणला होता. येसूने ओल्या फडक्यांनी त्याचं अंग पुसलं, ताप उतरवला, पण दुसऱ्या दिवशी पोरगा गेलाच. खोत दुःखाने वेडा झाला आणि त्याने बोट येसूकडे केलं. उन्हाळ्यात साहेबाचा मुक्काम घाटमाथ्यावरच्या बंगल्यात असायचा, कोर्ट तिथंच भरलं. साहेब नवा, थोडंफार मराठी समजणारा. दुभाषी मात्र तोच, आता केस पिकलेला. भेदरलेल्या येसूच्या तोंडून एवढंच निघालं, "होय जी, ह्याच हातांनी गार केला मी त्याला."

गार केला! आता फाशीचा दोर आणि येसूची मान यांत काय उरलं सांगा. त्र्यंबकरावाने साहेबाला सांगायचं ते सांगितलं. साहेबाने टाक उचलला. असं म्हणतात, टाकातली शाई जागच्या जागी सुकली. पुन्हा बुडवला, पुन्हा सुकली.

तेवढ्यात येसूच्या बाजूने गोमा वकील उठला. कायद्याचं अक्षर नाही काढलं. दुभाष्याकडे वळून म्हणाला, "रावसाहेब, घाट चढून दमला असाल?"

"छे हो! या वयात कुठला चढतोय? भोयांनी डोलीतून वर पोचवलं मला."

"वर पोचवलं?" गोमा त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "म्हणजे काय, रावसाहेब?"

असं म्हणतात, तो सवाल खिडकीतून दरीत उतरला आणि समोरच्या कड्याने तो परत विचारला. म्हणजे काय? म्हणजे काय? त्र्यंबकराव गोमाच्या तोंडाकडे बघतच राहिला. "तू... तू तो वाटाड्या?"

गोमाला त्याला तिथंच उभा चिरता आला असता. आई आठवली असेलच की त्याला. पण तो म्हणाला, "माझं राहू द्या, माझं व्हायचं ते झालं. आधी तिला विचारा."

त्र्यंबकराव येसूपाशी गेला. "बाई," तो म्हणाला, "गार केला म्हणजे काय?"

येसूला रडू फुटलं. ताप, फडकी, विहिरीचं पाणी, सगळं सांगितलं तिने. त्र्यंबकरावाने ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. आमच्या माणसांना ती भाषा कुठली कळायला? पण सांगताना म्हातारा रडत होता, ते सगळ्यांना कळलं. साहेबाने टाक खाली ठेवला आणि येसू सुटली. त्या दिवशी तिला घाटाखाली गोमानेच आणलं, वकिलाच्या डगल्यात, हातात जुनी काठी घेऊन.

आजही कोंडतळ्यात पाहुण्याला घाट चढवून दिला की आम्ही "माथ्यावर सोडला" म्हणतो. "वाट लावली" असंही म्हणत नाही, त्यात तर आणखी घोळ! आणि चावडीवर कोणावर आळ आला, मग तो कोणी का असेना, आधी त्याला बसवतात, पाण्याचा तांब्या देतात. मग सगळं गाव एका आवाजात विचारतं, "म्हणजे काय?" धुकं असलं तर कडाही विचारतो, असं म्हणतात. आळ आलेल्याचं सांगून होईपर्यंत कोणी जागचं हलत नाही. गोमाला हे कोणी विचारलं नव्हतं, म्हणून.