चाबूकस्वाराचा गुडघा

फार फार पूर्वीची गोष्ट. कुठल्या राज्यातली, ते विचारू नका. राजा होता, पागा होती, तेवढं पुरे.

त्या पागेत एक म्हातारा चाबूकस्वार होता. घोडी शिकवण्यात त्याचा जन्म गेला, पण चाबूक आपला खुंटीवरच. तो म्हणायचा, "घोड्याला बोलता येत नाही, म्हणून देवानं त्याला फिरते कान दिलेत. कान जिकडे, मन तिकडे. तेवढं तरी बघा की रे!"

साळुंकी घोडी त्यानं शिंगरू असल्यापासून वाढवलेली. त्यानं शीळ घातली की ती ओढा ओलांडून धावत यायची.

एकदा म्हाताऱ्याचा गुडघा धरला. बायकोनं वैद्याकडून लेप आणला. म्हातारा सकाळ-संध्याकाळ तो चोळू लागला.

"अहो, काय हा वास! मी खाट अंगणात टाकते."

"टाक. तेवढंच तुझं घोरणं लांब."

आणि तेव्हापासूनच साळुंकी बिघडली. म्हातारा दारात दिसला की थरथरायची, दावं तोडायला बघायची. घोड्यांचा खरारा करणारे मोतद्दार खिदळायचे, "बाबा, कान बघा की आता!"

राजा चिडला. "दसऱ्याला मी हिच्यावर बसणार. तोवर सुधारली नाही, तर चुन्याच्या घाणीला जुंपा."

घाणीला जुंपलेलं घोडं गोल फिरून फिरूनच मरतं. म्हाताऱ्याला घास गोड लागेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो दाणा घेऊन गेला, तर साळुंकीनं लाथ झाडली. दाणा सगळा शेणात. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

"बेइमान! तुझ्यासाठी हाडं झिजवली मी!"

त्यानं चाबूक काढला, वर उचलला, आणि हात तसाच राहिला.

माराला भ्यालेलं घोडं चाबकाकडे बघतं. साळुंकी चाबकाकडे बघतच नव्हती. दोन्ही कान, दोन्ही डोळे, फुगलेल्या नाकपुड्या, सगळं त्याच्या गुडघ्याकडे.

म्हातारा लंगडत घरी पळाला. "अगं, तो लेप कशाचा?"

"वाघाच्या चरबीचा. चांगला म्हणून मुद्दाम आणला."

"म्हणजे रोज वाघ घेऊन पागेत शिरतोय मी! पाणी तापव आधी!"

करपलेलं पातेलं घासावं तसा बायकोनं राखेनं अन् रिठ्यानं त्याचा पाय घासला. धोतरही चुलीत घातलं.

मग तो पागेच्या दारात जाऊन उभा राहिला. साळुंकीनं नाक पुढे केलं, हुंगलं, फुरफुरली, आणि मान त्याच्या खांद्यावर टाकली. म्हातारा मटकन गवतावर बसला.

"तू सांगत होतीस गं," तो डोळे पुसत म्हणाला, "मीच ठोंब्या."

दसऱ्याला साळुंकी राजाला घेऊन डौलात निघाली. राजानं विचारलं, "काय जादू केलीस?"

"अंघोळ केली, महाराज."

गुडघा काही बरा झाला नाही. म्हातारा घोडीची आयाळ धरून चालायचा, आणि ती त्याच्या पावलानं चालायची. चाबूक मात्र पुन्हा खुंटीवरून उतरला नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात धरा: समोरचा बिचकला, तर तो बिघडला म्हणण्याआधी आपल्या अंगाला काय लागलंय ते हुंगून बघावं.