अर्ध्यावरचा मासा

एकदा एका पेठेच्या गावात एक वृद्ध शिक्षिका लहान मुलांची शाळा चालवीत होत्या. गाव त्यांना मोठ्या बाई म्हणे. त्यांच्या हाताखाली शिकायला एक तरुण शिष्या आली होती. दरवर्षी माघ महिन्यात मुलांचे हातकाम भिंतीवर लावायचे आणि आईवडिलांना पाहायला बोलवायचे, असा तिथला परिपाठ होता. त्या वर्षी मुले मासा करीत होती. पुठ्ठ्यावर माशाची आकृती, आणि तीत घोटीव कागदाचे फाडलेले कपटे खळीने चिकटवायचे.

कुमुद नावाच्या पाच वर्षांच्या मुलीचा मासा मात्र अर्धाच राहिला. तापाचे निमित्त झाले आणि चार दिवसांत ती गेली.

तिचे वडील कापडाचे व्यापारी. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ते शाळेच्या दारात आले. मोठ्या बाई नव्हत्या, म्हणून शिष्येलाच म्हणाले, "बाई, उद्या कुमुदच्या आईला घेऊन येतोय. महिनाभर घराचा उंबरठा ओलांडलेला नाही तिनं. कुमुदचं काही असेल, तर पुरं करून लावा. अर्धवट बघायची ताकद नाही आता तिच्यात." आणि त्यांनी हात जोडले.

शिष्येला गलबलून आले. दुपारभर बसून तिने कात्रीने निळ्या कागदाचे सारखे तुकडे कापले आणि मासा शेपटीपर्यंत भरून काढला. कुमुदचे कपटे वेडेवाकडे दिसत होते. त्यांवरही नीटस तुकडे बसवले. मासा असा देखणा झाला की तिचे तिलाच समाधान वाटले.

संध्याकाळी मोठ्या बाई आल्या. त्यांनी तो मासा बराच वेळ पाहिला. मग वाटीत पाणी घेतले, एकेक तुकडा ओल्या बोटाने भिजवला आणि हलकेच उचलून काढायला सुरुवात केली.

"अहो बाई, हे काय करता? त्यांनी हात जोडून सांगितलंय मला!"

"मासा छान झालाय गं," मोठ्या बाई म्हणाल्या. "यात कुमुद कुठे आहे, तेवढं दाखव."

शिष्या वाकून शोधू लागली. फाडलेल्या कपट्याला पांढरी कडा असते. ती कडा कुठेच दिसेना. तिच्याच तुकड्यांखाली ती गाडली गेली होती.

"पण बाई, त्या आईला उद्या काही झालं तर?"

मोठ्या बाई पुढचा तुकडा भिजवू लागल्या. त्यांची बोटे निळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा माणसांनी भरून गेली. एक आजोबा नातवाच्या पुठ्ठ्यापुढे थबकले. "अरे, मासा करायला सांगितला होता ना? हा तर हत्ती!"

"मासाच आहे," नातू म्हणाला. "जेवलाय तो!"

त्या हशातच व्यापारी आणि त्यांची पत्नी आत आली. भिंतीकडे नजर जाताच व्यापाऱ्यांचा चेहरा उतरला. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?" ते दबक्या स्वरात शिष्येला म्हणाले. पण तोवर कुमुदची आई त्या माशासमोर जाऊन उभी राहिली होती. डोळा, कल्ले, थोडेसे पोट, आणि पुढे नुसती पेन्सिलीची रेघ. तिने पदर तोंडाशी नेला.

तेवढ्यात शेजारची एक मुलगी म्हणाली, "काकू, कुमुद डोळ्यापासून चिकटवते. आम्ही सगळे शेपटीपासून. बाई तिला रागावल्या, तर काय म्हणाली माहितेय? म्हणाली, त्याला आधी दिसू तर दे!"

आईला एकाएकी हसू फुटले आणि त्यातच रडू आले. "अस्संच बोलायची," ती म्हणाली. शेवटच्या कपट्याजवळ, रेघेच्या जरा बाहेर, खळीत वाळलेला बोटाचा एक इवलासा ठसा होता. त्यावर बोट टेकवून ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, बघा. इथपर्यंत आली होती ती." व्यापारी वाकले आणि पाहत राहिले.

शिष्या मोठ्या बाईंपाशी आली. "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. रात्रभर वाटली," त्या म्हणाल्या. "पण बाळ, माणूस गेलं की त्याचं अपुरं राहिलेलं आपल्याच्यानं बघवत नाही, म्हणून आपण ते भरून टाकायला धावतो. त्या भरण्याखाली त्यानं केलेलं तेवढंही झाकून जातं. या माउलीला मासा नको होता. तिच्या लेकीनं जेवढं केलं तेवढं हवं होतं. ते थोडं आहे, हे तिला आपल्याहून जास्त ठाऊक आहे."

व्यापाऱ्यांनी पुठ्ठा काढून घरी न्यायला हात वर केला. पत्नीने त्यांचा हात धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "सगळ्यांचे मासे उतरतील, तेव्हा आपलाही उतरवू."

आणि ती इतर आयांमध्ये सतरंजीवर बसायला गेली. शिष्येने पुढे होऊन तिला जागा करून दिली.