सावली पुसणारे मासे

एका राज्यात, समुद्राच्या काठी, एक महाल होता आणि त्या महालात रात्र कधी होतच नसे. खोल पाण्यातले दीपमासे काचेच्या घटांत भरून छताला टांगायचे, ही राजा सिंधुसेनाच्या पणजोबांपासूनची रीत. त्या उजेडात माणसे जेवत, न्याय करीत, डोळ्यांवर पदर घेऊन निजत.

समुद्राच्या मायाविनीने राजाला शाप दिला, "माझी लेकरं टांगलीस. आता तुझ्या लेकीला तिची सावलीच पेलणार नाही."

झालेही तसेच. थोरली राजकन्या वल्लरी दरबारात जमिनीला खिळली. सावली शिळेसारखी जड झाली नि अंगावर चढू लागली. आधी पाय, मग कंबर. गळ्याशी पोचली की संपले.

"सावली म्हणजे अंधार," वृद्ध प्रधान म्हणाले. "आणखी घट टांगा."

घट वाढले, तशा सावल्याही वाढल्या.

"आणखी!" प्रधान म्हणाले.

"काका, दिव्याखालीच अंधार असतो, हे तुम्हीच शिकवलंत ना?" धाकटी अनला कडाडली. ती घटाशी वाकली. "दीपमाशा, उपाय सांग."

मासा म्हणाला, "तीन कामं. घट झाक. आम्हांला घरी ने. बहिणीला आमच्यावर तरंगव."

"पूर्वजांची रीत मोडशील?" राजा गरजला.

"ताई गेल्यावर रीत तुम्हांला बाबा म्हणणार आहे का?"

राजा वाटेतून बाजूला झाला. सूर्य बुडताच अनलाने घटांवर घोंगड्या टाकल्या. उजेड नाही, तर सावली कुठली? वल्लरी फुलासारखी उचलली गेली.

दोघी बहिणींना नि घटांना घेऊन होडी खोल पाण्यावर आली. अनलाने घट रिते केले नि ती बहिणीला घेऊन पाण्यात उतरली. तोच चंद्र उगवला. सावली परतली. वल्लरी बुडू लागली.

"ताई, हात सोडू नकोस!"

"तू तरी सोड, वेडे!"

कुणीच सोडला नाही.

दीपमाशाचे दिवे पोटाला असतात. वरून जेवढा उजेड येतो, तेवढाच तो खाली पेटवतो नि आपली सावली पुसतो. हजारो मासे दोघींच्या खाली आले, पेटले. सावली विरली, शाप फिटला. वल्लरी तरंगली, खळखळून हसली.

"आता दरबारात उजेड कसला?" होडी काठाला लागताच प्रधानांनी विचारले.

"आज दिवे नकोत, काका. गच्चीवर या."

सगळे गच्चीवर गेले. खाली समुद्र लुकलुकत होता. राजाने दोन्ही लेकींना जवळ घेतले, प्रधान बसल्या जागी घोरू लागले आणि त्या महालात पहिल्यांदा रात्र झाली.