दारांचे अंतर

"सगळ्यात अवघड देश कोणता, ते तुम्ही सांगा अक्का. मी तिथे जाईन."

हे वाक्य उच्चारले गेले तेव्हा मी तिथे नव्हते. त्यानंतरचेही मी काही पाहिलेले नाही. मठातल्या जुन्या पोथ्यांची सूची करण्यासाठी मी त्या आठवड्यात तिथे मुक्कामाला होते. पण त्या दुपारी मी पोथ्यांच्या खोलीत होते आणि प्रणोती व दमयंतीअक्का अंगणापलीकडे, पाहुण्यांच्या खोलीत. प्रणोतीने मला संध्याकाळी सर्व सांगितले. दमयंतीअक्कांनी नंतर त्यात एकच दुरुस्ती केली. ती मी योग्य जागी नोंदवते.

प्रणोती इंगोले, वय अडतीस, पुण्यात पुलांचे आराखडे करणारी अभियंता. चौदा देश एकटीने हिंडलेली.

दमयंतीअक्का, वय एक्याऐंशी, महानुभाव पंथाच्या संन्यासिनी. एकोणिसाव्या वर्षी घर सोडले. गुडघे चालत होते तोवर त्यांनी अटन केले, म्हणजे ओळखीचे गाव टाळायचे, अनोळखी गावात चार दारी भिक्षा मागायची, पुढे निघायचे. आता त्या मठातच असतात. भिक्षेला मात्र अजूनही गावात जातात.

प्रणोतीची आई सिंधूताई पंथाची उपासक होती. मुलगी परदेशी गेली की तिचे निरोप घेऊन ती मठात येई आणि अक्कांना वाचून दाखवी. या भेटीच्या आठ महिने आधी ती वारली.

अक्का झोळीची उसवलेली शिवण पुन्हा घालत होत्या.

"अवघडच काहून पायजे?"

प्रणोतीने सविस्तर सांगितले. सोपे देश संपले होते. शिवाय ती करत होती ते अक्कांच्या अटनापेक्षा तिच्या मते वेगळे नव्हते. ओळखीचे कोणी नसेल तिथे जायचे, एकटीने, पाठीवर वागवता येईल तेवढेच घेऊन. आई होती तोवर प्रत्येक मुक्कामी पोचल्याचे कळवावे लागे. आता तेही बंधन उरले नव्हते.

"आता माझं खरं अटन सुरू होईल," ती म्हणाली. "तुम्हाला निदान लोकांची भाषा तरी कळत होती."

अक्का हसल्या. शिवण संपली होती. दोरा तोडायला त्यांच्या तोंडात दात नव्हते. त्यांनी तो प्रणोतीपुढे धरला. तिने वाकून दातांनी तोडला.

"सांग बरं, कोणकोणते देश."

तिने तीन ठिकाणे निवडली होती. अक्कांनी प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारला: एका दारापासून दुसरे दार किती लांब?

पहिले, बोलिव्हियातले मिठाचे पठार. दिवसभर चालले तरी पायाखाली मीठच. त्या वाटेवर दार नव्हते.

"म्हणजे झोळीतही मीठच," अक्का म्हणाल्या.

दुसरे, किर्गिझस्तानातले डोंगर. उन्हाळ्यात तिथे मेंढपाळ तंबू ठोकून राहतात आणि येणाऱ्यापुढे न विचारता पाव ठेवतात, मग घोडीचे आंबवलेले दूध. तंबूपासून तंबू अर्ध्या दिवसावर. अक्कांनी ते दूध घोडीचेच ना, याची दोनदा खात्री करून घेतली. आपण ते घेतले असते की नाही, याचा त्यांनी बराच वेळ विचार केला. निर्णय सांगितला नाही.

तिसरे, ग्रीनलंड. इथे आपला आवाज बदलला, हे प्रणोतीने मला स्वतःहून सांगितले. आठ-दहा दिवसांची पायवाट, वाटेत एकही गाव नाही. मधूनमधून लाकडी झोपड्या, कुलूप नसलेल्या.

"अन् तिथं राहतं कोण?"

"कोणीच नाही."

"म्हणजे दार आहे. वाढणारं नाही."

"म्हणून तर..."

अक्कांनी सुई पदराला खोचली.

"परत कधी येशील?"

"ते ठरवलेलं नाही," प्रणोती म्हणाली. आणि मग: "नोकरी सोडली. घर रिकामं केलं. त्या झोपडीतून परत निघालंच पाहिजे, असं काही राहिलेलं नाही, अक्का."

हे वाक्य तिने मला दोनदा सांगितले. दोन्ही वेळा शब्द तेच होते.

"मग हे अटन नव्हे."

"का? तुम्हीही सगळं सोडलंत."

"घर सोडलं वं. दार कुठं सोडलं?"

प्रणोतीला हे पटले नाही. तिने वाद घातला, मुद्द्यांनी, एकावर एक रचत. जो कोणावरही अवलंबून नाही तोच मोकळा; भिक्षा मागणारा तर रोज दुसऱ्याच्या हाताकडे पाहतो. मग अधिक मोकळे कोण? अक्कांनी सगळे ऐकून घेतले. नंतर भिंतीचा आधार घेत त्या उठल्या, झोळी उचलली आणि बाहेर गेल्या.

बोलणे संपले, असे प्रणोतीने गृहीत धरले. तिला थोडा विजयही वाटला.

मग तिच्या लक्षात आले की दारातला उजेड कमी झाला आहे.

उंबऱ्याबाहेर अक्का उभ्या होत्या. मान खाली, दोन्ही हातांनी झोळी पसरलेली. तिच्याकडे त्या पाहत नव्हत्या.

"अक्का, आत या ना."

झोळी तशीच पसरलेली राहिली.

"अक्का... तुमचे गुडघे दुखतील."

तिने हसून पाहिले. रागावून पाहिले. अक्का हलल्या नाहीत, आणि परकी बाई परक्या दारात उभी राहते तशाच उभ्या राहिल्या. आठ महिन्यांत आपल्याजवळ कोणी काही मागितले नव्हते, हे प्रणोतीला तेव्हा उमगले. ती घाईने उठली. पिशवीतले कपडे, नकाशे, दोरखंड तिने जमिनीवर ओतले. तळाशी बिस्किटांचा उघडलेला पुडा सापडला, अमरावतीच्या बसस्थानकावर घेतलेला.

तिने दोन बिस्किटे झोळीत घातली.

अक्कांची दुरुस्ती इथे आहे. दोन नव्हे, एक. दुसरे तिच्या हातातून खाली पडले.

मग तिने सबंध पुडाच पुढे केला. अक्कांनी झोळी मिटली.

"घ्या ना सगळा."

"एका दारी पोट भरायचं नसतं."

"मग बाकीची भूक?"

"ती बाकीच्या दारांची."

यानंतर प्रणोती रडली. किती वेळ, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. अक्का उंबऱ्यावरच बसल्या. एक हात तिच्या पाठीवर होता. ते एक बिस्कीट त्यांनी तोंडात टाकले होते आणि दात नसल्यामुळे सावकाश विरघळवत होत्या, म्हणून बराच वेळ त्यांना काही बोलताही येत नव्हते.

शेवटी तिने पुन्हा विचारले, कुठे जाऊ? या वेळी त्या प्रश्नात अवघड हा शब्द नव्हता.

"दार लांब असू दे," अक्का म्हणाल्या. "पण असू दे."

प्रणोती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेली. कोणता देश ठरला, हे तिने मला सांगितले नाही; बहुधा तोवर ठरलाही नव्हता. पुढच्या महिन्यापासून तिचा फोन बंद लागू लागला. तिच्या जुन्या कार्यालयात मी चौकशी केली. ती भारताबाहेर गेली, एवढेच तिथे ठाऊक होते. परतीची तारीख कोणाजवळ नव्हती.

याला पाच महिने झाल्यावर, सूचीचे उरलेले काम पुरे करायला मी पुन्हा मठात गेले. प्रणोतीचे काही कळले का, असे मी अक्कांना विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग, विचारणे योग्य नव्हते तरी, मी विचारले की त्यांना काळजी वाटते का.

"निघालेल्या माणसाची वाट पाहायची नाही, असा आमचा आचार आहे," त्या म्हणाल्या. "आज सकाळपासून दोनदा दारात जाऊन आले."