लहानूची पिचकारी

वैजूला वाटलं होतं, गावी गेलं की पाण्याची ददात मिटली. तीन वर्षं ती परदेशात शिकत होती. तिथे शौचालयात सगळीकडे कागद. पाणी नाहीच. प्रयोगशाळेत दिवसभर स्वच्छतेचे धडे गिरवायचे आणि खोलीवर येऊन रिकाम्या बाटलीत गुपचूप पाणी भरून न्यायचं, अशी तिने तीन वर्षं काढली. तिच्या मनात एकच होतं: आपल्या लोकांना हे शिकवावं लागणार नाही. आपण तर पाण्याचेच.

गावी येऊन बघते तर बाजारतळावर बायकांसाठी नवं शौचालय बांधलेलं. नळ बाहेर. झरोक्यातून डोकावलं तर आत भिंतीला कागदाचा पांढराशुभ्र रोल. आणि दाराला कुलूप.

त्या शौचालयाला एक राखणदार होता. भोळा म्हणजे किती भोळा, तर सावलीत बस म्हटलं की सूर्य सरकेल तसा सावलीबरोबर सरकत शेजारच्या गावापर्यंत जाणारा. त्याचं नाव लहानू.

"लहानूदादा, कुलूप का?"

"रोल आहे ना आत."

"मग?"

"सरपंचबाई म्हणाल्या, लहानू, काही झालं तरी हा रोल संपता कामा नये." लहानूने किल्ली कनवटीला घट्ट खोचली. "दोन महिने झाले, ताई. एक तुकडासुद्धा कमी नाही."

शेजारी भागाबाई पालेभाजी विकायला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही काय करतो माहितंय का? सकाळी निघताना चूळ भरतो. तेवढंच पाणी. मग थेट संध्याकाळी घरी गेल्यावर तांब्या तोंडाला लावतो. मधे प्यायलं तर जायचं कुठं?"

वैजू तडक सरपंच हौसाताईंकडे गेली. हौसाताईंनी तो रोल शहरातल्या एका हॉटेलात पाहिला होता आणि तो त्यांच्या मनात भरला होता. पण वैजूने इतका वेळ, इतक्या तळमळीने समजावलं, की त्या म्हणाल्या, "बरं बाई, लाव तुझं पाणी. पुढच्या महिन्यात तालुक्याहून साहेब येणार आहेत तपासणीला. बायका वापरताना दिसल्या तर ठीक. नाहीतर तिथे खताची पोती रचायचं ठरलंय."

वैजूने आत नळ घेतला. त्याला दाराबाहेरही पोचेल अशी लांब नळी आणि नळीला पिचकारी लावली. दाबली की पाणी. शेजारी साबण ठेवला. मग लहानूला समोर बसवलं.

"लहानूदादा, गालाला शेण लागलं तर कागदाने पुसाल की धुवाल?"

"धुईन."

"शाबास! कागदाने पुसलं की घाण नुसती पसरते. पाण्यानेच जाते. म्हणून जे मळलं ते धुवायचं. पुसायचं नाही. आणि मग साबणाने हात. कळलं?"

"कळलं, ताई. सांगितलं तेच करीन."

आणि त्याने सांगितलं तेच केलं.

दुसऱ्याच दिवशी पंचायतीत ग्रामसेवकाचा चहा सांडला. थेट जन्ममृत्यूच्या नोंदवहीवर. ग्रामसेवक फडकं शोधायला गेला. लहानूने वही उचलली, नळावर नेली, पिचकारीने पानन् पान धुतलं आणि साबणाने हात धुतले. अर्धं गाव जन्माला यायचं राहिलं. दोन म्हातारे मेलेले होते, ते परत जिवंत झाले.

वैजू धावत आली. "अहो, कागद कधी धुतात का? कागद ओला झाला तर उन्हात ठेवायचा आणि उडू नये म्हणून वर दगड ठेवायचा!"

"हे आधी सांगायचं ना, ताई. आता सांगितलं तेच करीन."

आणि त्याने सांगितलं तेच केलं.

तिसऱ्या दिवशी हौसाताईंच्या सासूबाई नवीन पिचकारी बघायला आल्या. त्यांनी ती उलटी धरली आणि जोरात दाबली. बाहेर आल्या त्या पदरापासून निऱ्यांपर्यंत ओल्याचिंब. लहानूने त्यांना उन्हात बसवलं आणि पदरावर पाट्याएवढा दगड ठेवला.

"मुडद्या, हे काय?"

"उडू नये म्हणून, आजी."

सासूबाई दुपारभर तिथेच. उठायला गेल्या की पदर ओढला जाई. शेवटी हौसाताई त्यांना शोधत आल्या, तेव्हा सासूबाई सुकून खडखडीत झाल्या होत्या आणि लहानूला देता येतील तेवढ्या शिव्याही देऊन झाल्या होत्या.

हौसाताई वैजूला म्हणाल्या, "बाई गं, तुझी स्वच्छता आमच्या घरापर्यंत आली हो."

वैजूने कपाळावर हात मारला. "लहानूदादा, माणसावर दगड ठेवतात का? माणसाला आधी विचारायचं, चालेल का? समोरून हो आल्याशिवाय हातसुद्धा लावायचा नाही!"

"हे बरं झालं सांगितलंत. सांगितलं तेच करीन."

आणि त्याने सांगितलं तेच केलं.

पुढच्या बाजारी भागाबाई पहिल्यांदा शौचालयात गेल्या. मेथीच्या जुड्या दाराशी ठेवल्या आणि म्हणाल्या, "लक्ष ठेव रे." एवढ्यात एक म्हैस आली. लहानू पुढे झाला, हात मागे बांधले आणि अदबीने म्हणाला, "तुम्हाला हाकलू का? चालेल का?"

म्हैस काही बोलली नाही. तिने एक जुडी खाल्ली.

"चालेल का?"

तिने दुसरी खाल्ली. मग तिसरी. मग दारातून आत डोकं घातलं. आतून भागाबाईंची किंकाळी आली.

"आगं बयाऽ! आधी कुलपातलं, आता म्हशीसकट!"

भागाबाई बाहेर आल्या तेव्हा लहानू अजून उत्तराची वाट बघत होता. "ती हो म्हणालीच नाही, मावशी."

बातमी बाजारभर झाली. त्या दिवशी दुसरी कोणी बाई आत गेली नाही. साहेब यायला एकच बाजार उरला होता. वैजू रडकुंडीला आली. तिने विचार करकरून, कुठेही फट राहणार नाही असा नियम केला.

"लहानूदादा, नीट ऐका. बाईमाणूस सोडून जे कोणी त्या दारात डोकं घालील, त्याच्यावर लांबून पिचकारी मारायची. दोन पायांचं असो, चार पायांचं असो. विचारायचं नाही!"

"विचारायचं नाही," लहानूने बोटावर मोजून घेतलं. "सांगितलं तेच करीन."

वैजू स्वतः घरोघर फिरली, भागाबाईंच्या हातापाया पडली. "एकदा या. आता म्हैस येणार नाही. मी शब्द देते."

शेवटचा बाजार आला. म्हैस आली, लहानूने पिचकारी मारली, म्हैस पळाली. बायकांनी ते पाहिलं. एक आत गेली, मग दुसरी. वैजूचा जीव भांड्यात पडला आणि ती साबण आणायला दुकानात गेली.

तेवढ्यात साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. आत कोणी नाही ना, हे त्यांनी दोनदा हाक मारून विचारलं. मग पाणी येतंय का बघायला दारात डोकं घातलं.

साबण घेऊन परतणाऱ्या वैजूला लांबून एवढंच दिसलं, की कोणीतरी पाठमोरं आहे आणि लहानू नेम धरतोय. "लहानूदादाऽ!" पण उशीर झाला होता.

साहेब भिजले. दचकून मागे सरले, पाय घसरला आणि चिखलात बसले.

"अरे, काय करतोस! सगळा चिखल लागला! पुसायला काहीतरी दे!"

लहानूला त्यांची दया आली. एवढा शिकलेला माणूस आणि हेही ठाऊक नाही. "साहेब, पुसल्याने नुसतं पसरतं. पाण्यानेच जातं." आणि त्याने त्यांना पुढून धुतलं. मग मागून धुतलं. मग साबणाने स्वतःचे हात धुतले.

"तो कागद! तो रोल दे!" साहेब भिंतीकडे बोट दाखवत ओरडले.

"तो संपता कामा नये, साहेब."

मग लहानूने ओल्या साहेबांकडे बघितलं. ओलं, म्हणजे ऊन. पण माणूस, म्हणजे विचारायचं. "साहेब, उन्हात बसता का? चालेल का?"

"चालेल! चालेल! पण ती पिचकारी खाली ठेव!"

लहानूने त्यांना भागाबाईंच्या पोत्यावर बसवलं. फाईल उन्हात ठेवून तिच्यावर दगड ठेवला. साहेबांवर ठेवला नाही.

थंडीचे दिवस होते. पँट वाळायला दोन तास लागले. दोन तास साहेब बाजारात दुसरं करणार काय? बसून राहिले आणि बघत राहिले. बायका जात होत्या, येत होत्या, हात धुऊन पदराला पुसत होत्या. साहेबांनी शेवटी विचारलं, "मावशी, हे तुम्ही दर बाजारी वापराल?"

"न वापरायला काय झालं!" भागाबाई म्हणाल्या. "आज सकाळपासून दोन तांबे पाणी प्यायले, साहेब. बाजारात बसून. एकवीस वर्षांत पहिल्यांदा."

साहेबांनी दगड बाजूला केला, फाईल उघडली, शेरा लिहिला आणि वैजूच्या हातात दिला. ती घाबरत घाबरत वाचू लागली.

"शौचालय चालू ठेवावे. पाण्याची सोय उत्तम. याचा अनुभव घेतला. राखणदार सूचना तंतोतंत पाळतो, त्यास कायम करावे. सूचना देणारी व्यक्ती बदलावी."

पुढच्या बाजारच्या दिवशी सकाळी वैजू बाजारतळावर आली तेव्हा हौसाताईंनी हुकूम काढलाच होता: लहानूला काय ते भागाबाई सांगतील. भागाबाई भाजी मांडून, पाय पसरून बसल्या होत्या. ऊन चढत होतं.

"लहानू, जरा पाणी दे रे."

लहानू उठला. पिचकारी हातात घेतली. नेम धरला. मग थांबला. "चालेल का?"

"तांब्यातलं, मेल्या!"

लहानूने पिचकारी टांगली, तांब्या भरून आणला. भागाबाई वरून धार धरून घटाघटा प्यायल्या.

वैजू पुढे झाली. "लहानूदादा, नीट लक्षात ठेवा. कोणीही पाणी मागितलं की नेहमी तांब्यानेच..."

लहानूने मान वर केली. कान टवकारले. सांगितलं तेच करायला तो तयार होता.

वैजूने त्याच्याकडे पाहिलं. पिचकारीकडे पाहिलं. आत जाणाऱ्या बायकांकडे पाहिलं.

आणि हे वाक्य जन्मात पुरं करायचं नाही, असं तिने ठरवलं.