लाकडाशिवाय

“पण फादर, देवानं सहा दिवसांत जग केलं ते कशातून?”

इनास सुताराने रंधा बाजूला ठेवला. वसईकडच्या त्या चर्चमध्ये तो चार दिवस बाकं दुरुस्त करत होता. धर्मगुरूंना पेचात पकडायची त्याला भारी हौस. आधीच्या दोन फादरांना आपण गप्प केलं, असं तो गावभर सांगे.

म्हातारे फादर मार्सेल शेजारच्या बाकावर पाय लांब करून बसले होते.

“कशातूनच नाही,” ते म्हणाले.

“असं कसं? मी बाक करतो तर सागवान लागतं, खिळे लागतात. देवाकडेही काहीतरी असेलच ना... माती म्हणा, पाणी म्हणा.”

“असतं, तर त्याचंही तुझ्यासारखंच झालं असतं. लाकडात गाठ आली की रंधा अडतो.”

“अडतो तर!”

“त्याचा अडला नाही.”

इनास हसला. उत्तर बरं होतं, पण तो सोडणाऱ्यातला नव्हता.

“बरं, लाकूड नव्हतं. मग करायचं अडलं होतं कुणाचं? कोणी ऑर्डर दिली होती का?”

“कोणी नाही. त्याला करावंसं वाटलं.”

“बस्स?”

“बस्स.”

बाहेरून थापीचा आवाज येत होता. मागच्या भिंतीला गिलावा चालला होता. परांचीवर गवंडी होता पास्कोल, इनासचा सख्खा धाकटा भाऊ. घराच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं तुटलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. या चार दिवसांत एकाच आवारात राबूनही दोघांनी एकमेकांकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

“जा,” फादर म्हणाले, “त्याच्याशी बोलून ये.”

इनासचा चेहरा उतरला.

“फादर, थोडी माया उरली असती, तर तिला काही जोडलं असतं. आता भांडणसुद्धा उरलं नाही. आमच्यात काहीच नाही.”

“काहीच नाही?”

“काही म्हणजे काही नाही.”

“एखादा तुकडाही नाही?”

“नाही हो!”

फादरांनी आनंदाने टाळीच वाजवली. “मग तर फारच छान! ऊठ, ऊठ!”

इनास उठला तो रागातच. काही नसलं की काही होत नाही, हे म्हाताऱ्याला एकदा दाखवूनच द्यायचं.

परांचीखाली जाऊन तो उभा राहिला. वरची थापी थांबली. अचानक इनासच्या तोंडून निघालं,

“पास्कू, जेवलास का?”

सकाळचे दहा वाजले होते.

पास्कोल बघतच राहिला. मग त्याच्या मिशा हलल्या.

“दहा वाजता कोण जेवतं रे दादा?”

दादा...

इनासला हसू फुटलं. वर पास्कोलही हसायला लागला, इतका, की थापीवरचा गिलावा थेट इनासच्या टोपीवर पडला.

इनास आत आला तो तशीच माखलेली टोपी घालून. डोळे ओले होते.

“फादर, खरं सांगतो, जाताना माझ्या मनात यातलं काही नव्हतं. कुठून आलं हे?”

फादरांनी त्याच्या टोपीवरचा गिलावा कौतुकाने बोटावर टिपला.

“हा झाला पहिला दिवस. अजून पाच आहेत.”